कुंपण की सोबत?

बारावीचा निकाल लागला की आमच्या धर्मग्राम कार्यालयासमोर रांग लागते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला शिफारसपत्र. संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. आमच्या लेखी त्या थोर अधिकाराचा शेवट बहुधा प्रमुख धर्मगुरूच्या सहीशिक्क्यात होतो. यंदा त्या रांगेत एक आई आपल्या मुलीसह उभी होती. मुलीला गणित शिकायचे आहे. मुंबईतील धर्मभगिनींच्या महाविद्यालयात ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखीव असलेली जागा तिला मिळण्यासारखी होती. तिचे मन मात्र हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे लागले होते. तिकडचा निकाल अजून यायचा होता. आई म्हणाली, "फादर, तुम्हीच हिला समजवा. एवढ्या मोठ्या विद्यापीठात हिची श्रद्धा टिकेल का?" मुलगी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिली.

मी लगेच उत्तर दिले नाही. या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा फार घाईने देऊन चुकलो आहे.

त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. मी दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील एका बागायतदाराच्या मुलाला बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, ललित कला विभागात, प्रवेश मिळाला होता. १९५० साली सुरू झालेल्या त्या विभागाची कलाक्षेत्रातील थोरवी मला तेव्हा ठाऊकही नव्हती, आणि मी ती जाणून घेण्याची तसदी घेतली नाही. मला एवढेच दिसले की घर लांब, वातावरण परके, आणि रविवारी मिस्सेला जा म्हणून सांगणारे तेथे कोणी नाही. वडिलांनी माझे मत विचारले. मी जवळच्याच आपल्या एका छोट्या महाविद्यालयाचे, वाणिज्य शाखेचे, नाव सुचविले. "मुलगा आपल्या माणसांत राहील," असेही म्हणालो. मुलगा आज्ञाधारक होता. आज तो बँकेत आहे, रविवार चुकवीत नाही, आणि वडिलांच्या दृष्टीने माझा सल्ला पुरेपूर खरा ठरला. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सप्ताहात मी त्या गावी गेलो होतो. तेथील गोठ्यामागचा पडदा दरवर्षी तोच रंगवतो. बेथलेहेमच्या टेकड्यांवर त्याने पहाटेची जी निळाई उतरविली होती, ती पाहून मी जागीच थांबलो. मी स्तुती केली तेव्हा तो हसून म्हणाला, "वर्षातून एकदाच ब्रश हातात घेतो, फादर." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते. तालंतांचा दृष्टान्त दर तीन वर्षांनी रविवारच्या वाचनात येतो आणि भीतीपोटी तालंत पुरून ठेवणाऱ्या त्या दासाविषयी मी प्रवचन करतो. येथे खड्डा मी खणला होता; तालंत मात्र दुसऱ्याचा होता.

'श्रद्धा टिकेल का' हा प्रश्न खोटा नाही. पण श्रद्धा हा शब्द वापरताना पुष्कळदा आपल्या मनात दुसरेच काही असते: परजातीतील विवाहाची धास्ती, शेजाऱ्यांचे बोलणे, रिकामे पडणारे घर. शिवाय ज्या कुंपणाच्या भरवशावर आपण निश्चिंत होतो, ते खरोखर कितपत उभे आहे? जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ साली मुंबईत झेवियर महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मुंबई विद्यापीठाला बारा वर्षे झाली होती, आणि पदवी त्याच सार्वजनिक विद्यापीठाची होती. आपल्याकडील बहुतेक ख्रिस्ती महाविद्यालयांची घडण अशीच आहे. शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी बहुधा ख्रिस्ती नसतो. गणिताचे प्रमेय तर बाप्तिस्मा घेतलेले नसतेच! छोटे महाविद्यालय देते ते वेगळे ज्ञान नव्हे. मूल आठवडाभर दिसले नाही तर चौकशी करणारे माणूस ते देते. ही गोष्ट लहान नव्हे. ज्या घरातून प्रथमच कोणी पदवीसाठी बाहेर पडते, तेथे अशा एका माणसावाचून हुशार मुले कोलमडताना मी पाहिली आहेत.

या दोन्ही बाजू ज्याने स्वतः जगून पाहिल्या असे नाव म्हणजे संत जॉन हेन्री न्यूमन. २०२५ च्या १ नोव्हेंबरला पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. ऑक्सफर्डमध्ये शिकविताना, विद्यार्थ्याच्या नैतिक जडणघडणीची जबाबदारीही शिक्षकाची आहे असा त्यांचा आग्रह होता. महाविद्यालयाच्या प्रमुखांना तो रुचला नाही, आणि १८३० पासून त्यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठविणे थांबले. १८४५ साली ते कॅथलिक झाले. पुढे डब्लिनमध्ये कॅथलिक विद्यापीठ उभारण्याचे काम त्यांच्यावर आले. पण १८५२ च्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी बजावले की विद्यापीठ म्हणजे मठ नव्हे आणि सेमिनरीही नव्हे. ते माणसाला जगासाठी तयार करते, आणि बुद्धीची मशागत केल्याने सद्गुण आपोआप उगवत नाहीत. कुंपण घालायला बोलावलेल्या माणसानेच असे सांगावे, याचे मला सेमिनरीत असताना नवल वाटले होते.

पुढची हकीगत अधिक बोलकी आहे. कॅथलिक तरुणांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाऊ नये, असा निर्देश १८६७ साली रोमहून आला. पर्याय म्हणून लंडनमध्ये १८७४ साली एक कॅथलिक महाविद्यालय काढले गेले. ते थोड्याच वर्षांत बंद पडले. न्यूमन यांना ऑक्सफर्डमध्ये कॅथलिकांसाठी प्रार्थनागृह उभारायचे होते. तेही त्यांना करू दिले नाही. १८९० साली ते निवर्तले आणि १८९५ साली रोमने ती बंदी उठविली. मात्र एक अट घातली: तेथील कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी धर्मशिक्षणाची व्याख्याने नियमितपणे व्हावीत. त्यांच्यासाठी धर्मगुरूही नेमले गेले. जवळजवळ तीन दशके कुंपण राखून पाहिल्यावर ख्रिस्तसभेने सोबत पाठविली. व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात याच दिशेने महागुरूंना सांगितले की कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचीही आध्यात्मिक काळजी वाहावी. म्हणजे आईच्या प्रश्नाचा अर्धा भाग माझ्याकडेच परत येतो. मूल दूर गेले तर त्याच्या जवळ कोण असेल, हे पाहणे माझे काम आहे. त्या बडोद्याच्या मुलासाठी मी एक पोस्टकार्डसुद्धा लिहिले नव्हते. तेथील धर्मगुरू कोण, हे विचारले नव्हते. 'जाऊ नको' म्हणणे सोपे होते.

मी मुलीला म्हणालो, "बाळ, तू बोल." ती थोडी चाचरली आणि म्हणाली, "फादर, तिकडे मिस्सा तेलुगूत असते की इंग्रजीत?"

आईने तिच्याकडे वळून पाहिले.

शिफारसपत्र मी लिहून दिले. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली: राखीव जागा म्हणजे पाऊस आलाच तर असू द्यावी म्हणून कोपऱ्यात ठेवलेली छत्री नव्हे. हैदराबादचे नक्की झाले तर ही जागा त्याच दिवशी सोडावी, कारण या रांगेत तुमच्यामागे आणखी एक मूल उभे आहे. आईला हे फारसे आवडले नसावे. मग सेमिनरीतील एका वर्गमित्राला मी फोन लावला. तो तिकडच्या धर्मप्रांतात आहे. मिस्सा दोन्ही भाषांत असते, असे त्याने सांगितले आणि वेळाही सांगितल्या. मुलीने त्या वहीच्या मागील पानावर उतरून घेतल्या. आईने पत्राची घडी केली, पर्समध्ये ठेवली, आणि त्या धर्मगुरूंचा फोन नंबर पुन्हा एकदा मागितला.