कन्यादान : एक शंका

विवाहविधींत ज्या प्रसंगीं मंडपांतील हसणेंबोलणें आपोआप थांबतें, असा प्रसंग कन्यादानाचा होय. मंगलाष्टकें चाललीं असतां शेजाऱ्याशीं कुजबुजणारा पाहुणाही, वधूपित्यानें पाण्याची धार सोडली कीं क्षणभर गप्प होतो. वधूची आई पदर डोळ्यांस लावते. या विधीचें गांभीर्य कोणी नाकारणार नाहीं. परंतु गंभीर प्रसंगीं उच्चारलेला शब्द खरा असावा, ही अपेक्षाही तितकीच गंभीर आहे. आणि म्हणूनच विचारावेंसें वाटतें कीं, माणसाचें दान होऊं शकतें काय?

ही शंका आजच्या सुधारकांनींच प्रथम काढली असें नाहीं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित् यागाचा विचार आलेला आहे. त्या यागांत यजमानानें आपलें सर्वस्व द्यावयाचें असतें. तर मग ‘आपले’ म्हणून आईबापांसही देऊन टाकावयाचें काय? मीमांसकांचें उत्तर असें कीं, ज्यावर आपलें स्वामित्व चालतें तेंच देतां येतें. नातें म्हणजे स्वामित्व नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतींतही काय द्यावें याचा विचार करितांना पत्नी व पुत्र यांस वगळलें आहे. मग कन्याच तेवढी देय कशी ठरली? येथें ‘दान’ हा शब्द गौण अर्थानें घ्यावा, पित्याकडील पालकत्व पतीकडे जातें इतकाच त्याचा भाव, अशी संगति लावण्यांत येते. लहान वयांत लग्नें होत होतीं तोंवर ती पटण्याजोगीही होती.

आतां ती स्थिति राहिलेली नाहीं. 1955 च्या हिंदु विवाह कायद्यांत अल्पवयी वधूच्या विवाहास संमति देणाऱ्या पालकांची यादी होती. 1978 सालीं तें कलमच गळलें आणि वधूचें किमान वय अठरा झालें. सज्ञान स्त्रीला पालक नसतो. जें पालकत्व उरलेंच नाहीं, तें दुसऱ्याच्या हातीं सोंपवावयाचें कसें? अलाहाबाद उच्च न्यायालयानेंही मार्च 2024 मध्यें म्हटलें कीं, हिंदु विवाह सिद्ध होण्यास कन्यादान आवश्यक नाहीं. सप्तपदीचा प्रघात असेल तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो, असें कायदाच सांगतो.

यावर कोणी म्हणेल, ‘विधींतील शब्द इतके कसोशीनें कां तपासावे? आईबापांच्या त्यागाचें तें एक प्रतीक आहे.’ हा आक्षेप हलका नाहीं. पोटच्या मुलीला निरोप देतांना जें वाटतें, त्याला कांहीं रूप हवेंच असतें. परंतु प्रतीक मंडपांतच राहात नाहीं. तें घरीं येतें आणि वागणुकींत उतरतें. दिलेलें दान परत घेऊं नये, ही आपल्याकडील सज्जनपणाची रीत. तीच मुलीला लागू झाली, म्हणजे सासरीं छळ सोसवेना म्हणून माहेरीं आलेल्या लेकीस ‘एकदां दिली ती दिली’ हें उत्तर मिळतें. दानाबरोबर दक्षिणा द्यावयाची असते, म्हणून हुंड्यानें ‘वरदक्षिणा’ हें सोंवळें नांव घेतलें. 1961 च्या कायद्यानें हुंडा निषिद्ध केला, तरी शब्दाचा आडोसा मोडला नाहीं.

कालिदासाच्या शाकुंतलांत हें सारें एकत्र दिसतें. कन्या ही परक्याचेंच धन, असें कण्वमुनि म्हणतात, आणि ठेव परत केल्यासारखें त्यांचें मन हलकें होतें. वास्तविक शकुंतलेला त्यांनीं दिलेंच नव्हतें. ते आश्रमांत नसतां तिनें दुष्यंतास स्वतः वरलें होतें. पुढें राजा तिला ओळखीना, तेव्हां तिच्यासोबत आलेल्या ऋषिकुमारानें काय करावें? पतीच्या घरीं दास्य पत्करावें लागलें तरी तेंच बरें, असें सांगून तो तिला तेथेंच सोडून निघाला. चवथ्या अंकांतील वत्सल उद्गार आणि पांचव्या अंकांतील हा निष्ठुर उपदेश एकाच कल्पनेचीं दोन फळें आहेत. ठेव एकदां पोंचती केली, कीं ठेवीचें पुढें काय झालें हें विचारण्याचें कारण उरत नाहीं.

सुदैवानें आपल्या परंपरेचा आवाज एकच नाहीं. दाता कोणीच नसेल तर कन्येनें स्वतः योग्य वर निवडावा, असें याज्ञवल्क्यच सांगतो. म्हणजे दानावांचूनही विवाह होतो. कन्येचा स्वीकार करितांना वर जी कामस्तुति म्हणतो, तिच्यांत तर हें कोणी कोणाला दिलें, असा प्रश्नच विचारलेला आहे; आणि कामानें कामाला दिलें, देणाराही तोच व घेणाराही तोच, असें उत्तर आहे. ज्या हातानें धार सोडली तो हात त्या मंत्रांत कोठेंच नाहीं! शेवटीं सप्तपदीचें सातवें पाऊल सख्यासाठीं आहे. वस्तूशीं सख्य होत नसतें. तें दोन स्वतंत्र माणसांतच संभवतें.

तेव्हां पाण्याची धार बंद करा, असा आमचा आग्रह नाहीं. धर्म, अर्थ आणि काम यांत मी हिला सोडून वागणार नाहीं, असें वचन वराकडून घेतात, तें तर अवश्य ठेवावें आणि तसेंच वधूनेंही द्यावें. मात्र काय दिलें आणि कोणाला दिलें, हें एकदां नीट सांगितलें जावें. आईबापांपाशीं देण्याजोगें असें त्यांचें स्वतःचें एकच असतें : मुलीवर आजवर चालविलेला अधिकार. तो त्यांनीं खुशाल सोडावा. पण त्याचें उदक जांवयाच्या हातावर कां? तें मुलीच्याच ओंजळींत पडलें पाहिजे. अशा दानानंतर ती माहेरची पाहुणी होत नाहीं आणि सासरची मिळकतही होत नाहीं. डोळ्यांस पदर लावणाऱ्या आईचें दुःख त्यानें उणें होणार नाहीं. परंतु त्या रात्रीं घराचें दार लावतांना, तें लेकीसाठीं केव्हांही उघडेल, एवढें तरी तिला मनाशीं म्हणतां येईल.