मांजर उशाशी येते ते कशासाठी?

सज्जनहो, घरात कोणी तापाने फणफणले की मांजर त्याच्या अंथरुणाशी जाऊन पडते, आणि घरात भांडण पेटले की तेच मांजर माळ्यावर जाऊन दडते, हे पुष्कळांनी पाहिलेले आहे. त्यावरून लोक आम्हांस विचारतात, "बुवा, या मुक्या जीवाला आपले दुःख कळते काय हो?"

पूर्वपक्ष असा की, मांजर येते ते केवळ उबेसाठी. हा पक्ष अगदीच टाकाऊ नाही. मांजराचे अंग मुळातच ३८-३९ अंश उष्ण; आपल्याला उकडते तेथे त्याला बरे वाटते. तापलेले आणि दिवसभर न हलणारे अंग म्हणजे त्याला चुलीची कडच. शिवाय त्याचे नाक आपल्याहून फार तीक्ष्ण. रोगाने अंगाचा वास पालटला तर तो त्याला आधी लागावा, यात नवल ते काय?

पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ मांजरांपुढे फिती लावलेला पंखा चालू करून ठेवला होता. बहुतेक मांजरांनी पंख्याकडे आणि धन्याच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिले, आणि धनी भ्याला की निर्धास्त आहे यावरून आपले वागणेही काहीसे बदलले. म्हणजे आपला चेहरा ते वाचते, हे खरे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. प्रॉव्हिडन्स शहरात स्टीअर हाऊस नावाच्या शुश्रूषागृहात स्मृती हरपलेल्या वृद्धांच्या मजल्यावर ऑस्कर नावाचा बोका होता. एरवी तो फारसा लाडात येणारा नव्हे. पण ज्याचा अंत जवळ आला त्याच्या बिछान्यावर जाऊन बसे. डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ साली वैद्यकाच्या एका मोठ्या नियतकालिकात हे लिहिले, तोवर असे २५ हून अधिक प्रसंग झाले होते. त्याला ते कसे कळे, याचा निर्णय लागला नाही. कोणी वासाचे कारण सांगितले, कोणी उबदार पांघरुणाचे. पण तो बसला की सेविका नातलगांना बोलावून घेत, आणि पुष्कळांना आपल्या माणसाची शेवटची भेट घडे. ज्यांचे कोणीच नव्हते, त्यांच्यापाशी तो बोका तरी असे. २०२२ साली ऑस्कर गेला.

आपल्याकडे हेच मांजर अपशकुनी ठरून काठी खाते! अहो, मांजर आले म्हणून मरण येत नसते.

आता सिद्धान्त. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ढोंग्याला 'बैडालव्रतिक' म्हटले आहे. पण ढोंगाला आधी संकल्प लागतो. मांजर उबेला आले तर उबेलाच येते, सेवेचा आव आणीत नाही. म्हणून त्याला दोष नाही आणि पुण्यही नाही. पुण्य त्याचे, ज्याला उठून जाता येत होते आणि जो गेला नाही. तरी रोग्याचा एकटेपणा मांजराच्या बसण्याने हलका होतो, हे फळ हेतू न पाहताही पदरात पडते.

मग आपले काय? आपल्याला रोगाचे नाव ठाऊक, औषधाची वेळ ठाऊक, डॉक्टर काय म्हणाले तेही तोंडपाठ. पण मागच्या खोलीतल्या म्हातारीपाशी आपण उंबऱ्यातूनच "कसं काय, बरं आहे ना?" म्हणतो आणि पुढे जातो. मांजराला कळत नसेल, तरी ते बसते. आपल्याला सगळे कळते आणि आपण बसत नाही. मांजराला कळवळा आहे की नाही हा वाद पंडितांनी खुशाल चालवावा. आपला कळवळा मात्र बसल्यावाचून सिद्ध होत नाही.

तेव्हा मंडळी, मांजर बसले म्हणून रोगाचे निदान झाले असे समजू नका, आणि डॉक्टरकडे जाणेही लांबवू नका. ओरखडा उठला तर साबणाने धुवा. पण त्याला हाकलू नका. थोडे सरकवून त्याच्या शेजारी तुम्हीही घटकाभर बसा.