आकाशाची साक्ष

दिवाळी आली की आमच्या कोकणात आकाश कसे धुतल्यासारखे होते. पावसाळी ढग हटलेले असतात आणि पानझडी झाडांची पाने अजून गळायची असतात. देशातल्या जंगलांच्या मोजदादीसाठी भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांची चित्रे निवडते, तीही ऑक्टोबर ते डिसेंबर याच दिवसांतली. आपण अंगणात आकाशकंदील लावतो, तेव्हा वरूनही कोणी आपल्याकडे पाहत असते म्हणायचे!

माझा एक जुना विद्यार्थी या विषयात मुरलेला आहे. गेल्या सुट्टीत घरी येऊन त्याने मला संगणकावर गावाची १९८४ पासूनची चित्रे दाखवली. हिरवे पान तांबडा प्रकाश गिळते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंतल्या फरकावरून हिरवाई ओळखतात, हे त्याने समजावले. गुरू मुकाट्याने शिष्य झाला.

मग मी भीतभीतच म्हटले, "आमचे डोंगरावरचे रान दाखव."

चार एकरांचे ते रान वडिलार्जित. ऐन, किंजळ, जांभूळ यांनी भरलेले. २००५ साली बहिणीच्या लग्नासाठी मी ते तोडायला दिले आणि मागाहून तिथे काजू लावला. चित्रांत ती जागा काही वर्षे फिकट दिसली. पुढे पुन्हा हिरवी झाली.

"सर, मोजणीत हे वनाच्छादनच," तो म्हणाला. निदान एक हेक्टर जागा आणि तिच्यावर निदान दहा टक्के झाडांची सावली, एवढे पुरे. झाडे कोणत्या जातीची, कोणाच्या मालकीची, हे विचारायचे नाही.

सुटलो! पण त्या रात्री झोप लागली नाही. उपग्रहाला दोष कसा देऊ? त्याने पाहिले तेवढे प्रामाणिकपणे सांगितले. ब्राझील १९८८ पासून ॲमेझॉनमधली तोड दरवर्षी मोजतो, ते अशाच डोळ्यांच्या बळावर. साक्षीदाराचे काम त्याने केले. परंतु साक्षीदाराला न दिसलेला गुन्हा घडलाच नाही, असे मानायची सोय मी शोधत होतो. जांभळावर येणारे धनेश आता येत नाहीत, हे त्या चित्रात नव्हते. मला मात्र ठाऊक होते.

दरवर्षी दिवाळीनंतर मी काजूखालची झाडोरी साफ करवून घेतो. यंदा गड्याला म्हटले, "वरचा कोपरा राहू दे." तिथे ऐनाच्या जुन्या खोडांना फुटवे आलेले आहेत. जागा पाच गुंठ्यांची. त्या चित्रांतला एक ठिपकाच सुमारे नऊ गुंठ्यांचा असतो. तेव्हा हे काही आकाशातून दिसायचे नाही.

न दिसो. मी अधूनमधून चढून पाहून येईन.