रम्य वाट आणि दूरचें गांव

एखादा प्रदेश डोळे भरून पाहत असतां तेथें राहणाऱ्या माणसाच्या सुखदुःखाचा विचार मनांत यावा, हें रसिकतेला बाधक आहे काय? हा प्रश्न पुष्कळ वर्षें मीं वर्गांत शिकविला. पण तो खरोखर पडला नांदेड जिल्ह्यांतील एका डोंगरवाटेवर.

गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस मी व माझे एक स्नेही लातूरहून मोटारीनें किनवट तालुक्यांतील एका आडगांवीं निघालों. काळीं, उघडीं रानें पाहण्यास सरावलेल्या आमच्या डोळ्यांना इस्लापूरच्या पुढील मुलूख निराळाच वाटला. पानें गाळलेला साग, मधूनच पेटलेला पळस, मोहाच्या फुलांचा गोड, जड वास, आणि प्रत्येक वळणावर नवी दरी! चढावर एका कोलाम वृद्धास आम्हीं मोटारींत घेतलें. स्नेही त्याला म्हणाले, "बाबा, केवढ्या सुंदर मुलुखांत राहतां तुम्ही!" म्हातारा बाहेर पाहून हंसला. "दिसायला बरं हाय, साहेब. पर रातच्याला अडलेली बाई न्यायची म्हटलं, तर लई वळणं हाईत."

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९० सालीं प्रसिद्ध केलेल्या निर्णयशक्तीच्या मीमांसेंत राजवाड्याचें उदाहरण घेतलें आहे. प्रजेच्या घामावर असले डौल उभारणाऱ्यांचा रूसोप्रमाणें खुशाल धिक्कार करावा. परंतु वाडा सुंदर आहे कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा, असें तो म्हणतो. हा भेद मला मान्य आहे. म्हाताऱ्यालाही तो मान्य असावा. कारण वळणांचा जाच सांगतांनाही 'दिसायला बरं' हें त्यानें नाकारलें नाहीं. तेव्हां आनंद झाला म्हणून खंत करीत बसणें हा दांभिकपणाच होय.

खोट आहे ती पुढच्या पायरींत. परततांना स्नेही म्हणाले, "हा रस्ता असाच राहावा!" मीं मान डोलावली, आणि त्याच क्षणीं मला माझी लाज वाटली. आमचा आनंद आतां निरिच्छ उरला नव्हता. त्यांत मालकी शिरली होती. वर्षांतून एक दिवस येणाऱ्यानें बारा महिने राहणाऱ्याची वाट कशी असावी तें ठरवावें! ज्याला आपण दुर्गम म्हणतों तें गांव स्वतःपासून दूर नसतें. दूर असतो तो दवाखाना.

तर मग डोंगर फोडून रस्ता सरळ करावा, असें कोणी म्हणेल. तेंही आपण सांगावयाचें नाहीं. ज्या झाडांवर आमची दृष्टि क्षणभर विसावली, त्यांच्याच फुलांवर, डिंकावर, पानांवर तेथील कित्येकांचा संसार चालतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले आहेत. झाड राखावें कीं वळण काढावें, याविषयीं पहिला शब्द त्यांचा.

माझ्यापुरती मीं एकच कसोटी ठरविली आहे. जें पाहून आनंद झाला, तें उद्यां एखाद्या बाळंतिणीसाठीं नाहींसें झालें, तर तो आनंद कडू होईल काय? होणार असेल, तर ती सौंदर्याची ओढ नव्हती, मालकीची होती.

पुन्हां त्या वाटेनें गेलों, तर तीं वळणें मी पूर्वीइतक्याच आनंदानें पाहीन. मात्र या खेपेस तीं मोजीन.