अलक्ष्मी जाते कुठे?

दिवाळीच्या अंकात, तेही फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकासमोर, मैल्याच्या टाकीचा विषय काढणारा लेखक वेडा तरी असला पाहिजे किंवा उद्धट तरी. मी यांपैकी कोणीच नाही असा माझा समज आहे. पण गेले दोनतीन महिने या विषयाने माझी झोप उडवली आहे, आणि जो विषय झोप उडवतो तो बाजूला सारून आश्विनातल्या चांदण्यावर चार पाने लिहिणे मला जमत नाही. चकली संपवून वाचा, एवढीच विनंती.

श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी नांदेडला भेटायला आला. २०१६ साली मी लातूरला होतो, तेव्हा तो दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. ते साल लातूरकर विसरायचे नाहीत. मांजरा धरण कोरडे पडलेले, आणि एप्रिलपासून मिरजेहून आगगाडीने पाणी येत होते. 'जलदूत' असे त्या गाडीचे नाव. टँकरच्या रांगेत घागरी लावून हा मुलगा तिथेच पुस्तक उघडून बसे. समुद्र त्याने तोवर नकाशातच पाहिला होता. पुढे तो जहाजाचे इंजिनिअरिंग शिकला आणि आज एका मालवाहू जहाजावर चौथा इंजिनिअर आहे.

चहा झाला, इकडचेतिकडचे बोलणे झाले, आणि मग तो खाली बघत म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. घरचे स्थळं बघायलेत. आई सगळ्यांना सांगायलीय, पोरगा जहाजावर साहेब आहे. ते खोटं नाही. पण माझ्याकडं काय काय काम आहे ते मुलीकडच्यांना सांगू का नको?"

"काय काम आहे तुझ्याकडे?"

"पंप आहेत, तेल शुद्ध करायची यंत्रं आहेत," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "आणि संडासाची टाकी आहे."

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. शास्त्रातले मला कळते ते बेताचेच. पण त्या संध्याकाळी त्याने कागदावर टाकी काढून दाखवली आणि शिष्याने गुरूला शिकवले. टाकीला तीन कप्पे. पहिल्यात खालून सारखी हवा सोडायची. त्या हवेवर जगणारे जिवाणू मैला खाऊन टाकतात. दुसऱ्यात गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी तिसऱ्यात जाते, तिथे क्लोरीनने निर्जंतुक होते आणि मग समुद्रात सोडतात. म्हणजे टाकीची निगा राखणे म्हणजे मुख्यतः या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची निगा राखणे. हवेचा पंखा बंद पडला की ते गुदमरतात, आणि त्यांच्या जागी हवेवाचून जगणारे दुसरे माजतात. मग सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. एखाद्या हौशी खलाशाने भांडे लख्ख व्हावे म्हणून अ‍ॅसिड ओतले, तर टाकीतले सगळे कुटुंब मरते आणि ते पुन्हा वाढवायला कित्येक दिवस लागतात. जिथे संडासाला समुद्राचेच पाणी वापरतात तिथे लघवीशी त्याचा संयोग होऊन नळांच्या आत चुन्यासारखा थर चढतो, नळाचा गळा आवळत जातो, आणि शेवटी तो खोलून खरवडावा लागतो. नव्या जहाजांवर हवेने ओढून घेणारे संडास असतात; त्यांना एका वेळेस जेमतेम लिटरभर पाणी पुरते. हे सांगताना तो खुलला. २०१६ साली त्याच्या घरी आंघोळीचे पाणी परातीत धरून संडासाला वापरत, हे मला ठाऊक होते.

"वीसबावीस माणसांचं घर आहे, सर," तो म्हणाला. "कप्तानाचं आणि खलाशाचं एकाच टाकीत येतं. आणि टाकी बिघडली तर जायचं कुठं? चारी बाजूंनी पाणी."

मग त्याने कायदा सांगितला. जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून मार्पोल नावाचा जगभराचा करार आहे. त्याचा मैल्यासंबंधीचा भाग २००३ साली अमलात आला. बारीक करून, निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या बाहेर सोडावा; काहीही प्रक्रिया न केलेला, टाकीत साठवलेला मैला १२ मैलांच्या बाहेर, तोही जहाज निदान ४ नॉटच्या वेगाने चालत असताना, हळूहळू. बंदरात झडप बंद.

"बारा मैलांच्या पलीकडे कोण राहतं?" मी विचारले.

"मासे," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या जहाजांतली माणसं."

नियम खुळा नाही. समुद्र अफाट आहे, थोडेसे तो पचवतो. पण त्या बारा मैलांनी माझ्या मनात काही जुने जागे केले. आगगाडीच्या संडासात पूर्वी एक पाटी असे: गाडी स्थानकात उभी असताना उपयोग करू नये. पाटीचा सरळ अर्थ असा, की स्थानक आपले आहे, शेत आपले नाही. त्या शेताच्या कडेने रुळावरून हातोडा घेऊन चालणारा गँगमन तर कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. आता डब्यांखाली जिवाणूंच्या टाक्या बसल्या आहेत. पण त्या टाकीत प्रवासी पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि पोरांची लंगोटे कोंबतात, आणि तुंबली की रेल्वेला शिव्या देतात.

आमच्या लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या रात्री, पूजा आटोपल्यावर, आजी सूप वाजवीत सगळ्या घरातून फिरे आणि अंगणाच्या कडेपर्यंत जाई. अलक्ष्मी हाकलायची असे. पोथीतला शब्द अलक्ष्मी-निस्सारण. मी एकदा विचारले, "आजी, ती जाते कुठे?" आजी म्हणाली, "जाती की शिवेपल्याड." शिवेपलीकडे दुसरे गाव होते, आणि त्या रात्री तिथेही कोणाची तरी आजी सूप वाजवीत असणार. पुढे शहरात आल्यावर नगरपालिकेच्या कागदावर 'मलनिस्सारण' हा शब्द वाचला तेव्हा मला आजीचेच सूप ऐकू आले. आमच्या नांदेडात पिण्याचे पाणी गोदावरीवर वरच्या अंगाला, विष्णुपुरीला घेतात, आणि गावाचे नाले गोदावरीला खालच्या अंगाला मिळतात. पैठण आमच्या वर, नाशिक पैठणच्या वर. जो तो आपल्या शिवेपर्यंत सूप वाजवून शांत झोपतो.

हे सगळे मी त्या मुलाला मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. मास्तराला श्रोता मिळाला की काय होते ते वाचक जाणतात. त्याने ऐकून घेतले आणि टाकीत उतरण्याची गोष्ट काढली. तिथे माझे बोलणे बंद झाले.

जहाजावर टाकीत माणूस उतरवायचा तर आधी लेखी परवाना लागतो. टाकी रिकामी करून तीत हवा खेळवायची. मापकाने प्राणवायू मोजायचा. तो २१ टक्क्यांच्या आसपास हवा. विषारी वायू नाही याची खात्री करायची. तोंडाशी एक माणूस उभा राहणार, आणि आतला बाहेर येईपर्यंत तो जागा सोडणार नाही. "त्या वायूचं एक वाईट आहे, सर," तो म्हणाला. "आधी वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं. माणसाला वाटतं, हवा चांगली झाली."

गेल्या वर्षी नवरात्र सरत असताना आमच्या घरामागची टाकी भरली. उपसणारी गाडी दिवाळीनंतर मिळेल असे कळले. आम्हाला दिवाळीपूर्वी हवी होती. पाहुणे यायचे होते. ओळखीच्या एकाने दोन माणसे पाठवली. रात्री दहाला या, असे मीच म्हणालो, शेजाऱ्यांना वास नको म्हणून. त्यांनी बादल्यांनी उपसले. तळाचा गाळ घट्ट झाला होता. त्यांतला धाकटा म्हणाला, "उतरावं लागंल. पाचशे वर द्या." मी हो म्हणालो आणि टॉर्च धरला. तो छातीपर्यंत आत गेला. एकदा वर येऊन ओकला, आणि पुन्हा उतरला. वीसेक मिनिटे लागली असतील. सौ.ने चहा केला. पेले कागदाचे होते. घरात कप नव्हते असे नाही. मी त्याचे नाव विचारले नाही. तो सुखरूप बाहेर आला तेव्हा मी मनाशी म्हणालो, सुटलो. 'सुटला' असे म्हणायला हवे होते.

माणसाकडून मैला उपसून घेण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ सालचा, दुसरा अधिक कडक २०१३ सालचा. गटारात किंवा टाकीत मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. कोणत्याही साधनावाचून माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. म्हणजे त्या रात्री माझ्या घरामागे गुन्हा घडत होता आणि त्याला उजेड मी धरला होता.

टाकी तीच, वायू तोच. मग फरक कशाचा? आधी मला वाटले, पैशाचा आणि यंत्रांचा. जहाजाच्या कंपनीला मापक परवडतो, गरीब गल्लीला कसा परवडावा? पण हे काही खरे नाही. दिवाळी होईपर्यंत गाडीची वाट पाहायला मला एक पैसाही लागला नसता. फरक असा आहे, की जहाजावर ते काम हुद्द्याने येते आणि हुद्द्याबरोबर जाते. उद्या हा मुलगा तिसरा इंजिनिअर झाला की टाकी दुसऱ्याकडे जाईल, आणि आज कप्तान त्याच्याच पंगतीला जेवतो. आपल्याकडे ते काम जन्माने येते आणि मेल्याशिवाय जात नाही. एखाद्याला कायमचा त्या कामासाठी ठरवून टाकला, की मग त्याच्या श्वासाचे माप घेण्याची गरजच वाटेनाशी होते. १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. ते त्यांच्या जातीचे काम नाही म्हणून सरकारने नाकारले. त्यांनी उपास केला, आणि येरवड्यात गांधींनी त्यांच्यासाठी उपास केला. काम टाळण्यासाठी उपास करणारे पुष्कळ सापडतील. हे काम मला द्या म्हणून उपाशी राहणारा माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

"काय करू मग, सर?" त्याने जाताना पुन्हा विचारले.

मी 'सांग' म्हणालो. हे सांगण्याचा अधिकार मला होता का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. टॉर्चची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.

उदगीरकडचे स्थळ होते. पाहण्याच्या कार्यक्रमात त्याने सगळे सांगितले, टाकीसकट. मुलीचे वडील गप्प झाले. आई पोह्यांच्या बश्या उचलायला उठली. मुलीने तेवढ्यात एकच विचारले, "तुम्ही आत उतरता तेव्हा वर कोण उभं राहतं?" त्याने सांगितले. ती बरं म्हणाली.

पितृपक्ष झाल्यावर कळवतो, असे वडील म्हणाले होते. पितृपक्ष झाला, घट बसले आणि उठले. तो पुन्हा जहाजावर रुजू झाला आहे. लातूरला त्याची आई फोनकडे डोळे लावून आहे. निरोप अजून नाही.