नित्य आणि नैमित्तिक

मोर्शीतल्या आमच्या घरी सायंकाळची सामुदायिक प्रार्थना तुकडोजी महाराजांच्या हयातीपासून चालत आलेली. त्याच घरातला पुतण्या अमेरिकेत स्वहस्ते जवाची बिअर आंबवतो, आणि जुन्या फ्रीजच्या दाराला भोक पाडून, आत एकोणीस लिटरांचे पोलादी पिंप व कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर बसवून, बाहेर तोटी काढतो, हे ऐकल्यापासून माझे मन पापपुण्यापेक्षा काळाच्या प्रश्नाभोवती अधिक घोटाळते आहे.

मनूने सुरापान महापातकांत गणले. तरीही सौत्रामणी यागात तीन रात्री मुरवलेली सुराच अश्विनीकुमार, सरस्वती व इंद्र यांना अर्पण होत असे, आणि पुढे तो आचार कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात टाळायच्या आचारांत, गेला. कौटिल्याने तर सुराध्यक्षाच्या प्रकरणात कुटुंबवंत गृहस्थाला कृत्यप्रसंगी श्वेतसुरा करण्याची, आणि उत्सव, समाज व यात्रा यांत चार दिवसांची मुभा दिली. त्याचा परवाना प्रसंगाला होता. अमेरिकेचा १९७८ चा कायदा दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी दोनशे गॅलनांची सूट देतो, म्हणजे माप मोजतो. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्यावाचून काहीच करू देत नाही. पिणाऱ्याचे निमित्त कोणते, हे दोघेही विचारीत नाहीत.

नेमाने करायचे ते नित्य आणि निमित्त घडल्यावर करायचे ते नैमित्तिक, असा जो भेद मीमांसकांनी केला तो मला इथे फार मोलाचा वाटतो. उघडलेल्या बाटलीतला फेस रात्रीपर्यंत विरतो, म्हणून चार माणसे बोलवावी लागतात, आणि माणसे जमली की निमित्त आपोआप घडते; परंतु चार अंशांच्या थंडाव्यात, वायूच्या दाबाखाली, तेच पेय आठवडेच्या आठवडे ताजे राहते, आणि निमित्ताची गरजच उरत नाही.

हे मी पुतण्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, “काकाजी, शिशी उघडली का संपवाच लागते, तोटीतून मी अर्धा गिलास घेतो अन् बंद करतो.” या उत्तराला वजन आहे. जे यंत्र नित्यतेचा मोह घालते तेच अर्ध्या पेल्यावर थांबण्याची सोयही देते, आणि संयम सोयीवर अवलंबून असावा काय, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

गव्हाच्या बिअरच्या एका प्रकारात धन्यांसोबत संत्र्याची वाळलेली साल घालतात, म्हणून त्याने आपल्या मोर्शीच्या बागेतली साल मागवली आहे. ती गच्चीवर वाळते आहे. कोणत्या प्रसंगासाठी हवी, तेवढे कळव, असे मी त्याला लिहिले आहे.