माउलीची आठवण आणि तिचा हक्क

दफनविधी आटोपून लोक घरी परततात, ओट्यावर बसतात आणि निवर्तलेल्या माउलीविषयी बोलू लागतात. ती नेहमी सर्वांच्या शेवटी जेवली. स्वतःसाठी तिने कधी काही मागितले नाही. इमाम या नात्याने ही वाक्ये मी अनेक घरांत ऐकली आहेत. ती खोटी नसतात. पण त्यांत आई फार थोडी असते. असतो तो तिने आपल्यासाठी उपसलेल्या कष्टांचा हिशेब. ती शेवटी का जेवत होती, हे कोणी विचारीत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आदरणीय खदीजा (रजि.) यांची स्मृती कशी जपली ते पाहावे. हिजरतीपूर्वी सुमारे तीन वर्षे त्यांचे निधन झाले. त्यानंतरही घरी बकरे कापले की प्रेषित (स.) त्यातील वाटे खदीजांच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवीत. म्हणजे त्या मैत्रिणी कोण, हे त्यांना ठाऊक होते. (आपल्या नानी-दादीच्या मैत्रिणींची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील?) एकदा खदीजांच्या भगिनी हाला (रजि.) यांनी आत येण्याची परवानगी मागितली. त्या मागण्यात खदीजांचीच लकब जाणवून प्रेषितांचे (स.) मन हेलावले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत या हदीस आल्या आहेत. येथे आठवण आहे ती एका व्यक्तीची: तिच्या आवाजाची, तिच्या स्नेहाची.

हिजरी सन २ मध्ये बद्रचे युद्ध झाले. प्रेषितकन्या जैनब (रजि.) तेव्हा मक्केत होत्या आणि त्यांचे पती अबुल आस कैद्यांत होते. त्यांच्या सुटकेसाठी जैनब यांनी जे धन पाठविले, त्यात आईने लग्नात दिलेला कंठहार होता. तो पाहताच प्रेषित (स.) गहिवरले. तरीही त्यांनी तो परस्पर परत केला नाही. त्या धनावर इतरांचाही हक्क होता. म्हणून सहाबांना विचारले, त्यांची मान्यता मिळाली, आणि मग हार लेकीकडे परत गेला.

एवढी उत्कट आठवण, पण तिने दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही! आपल्याकडे मात्र आईचे दागिने ‘तिची आठवण’ म्हणून थोरल्याच्या कपाटात जातात आणि अश्रू सुकण्यापूर्वीच बहिणींकडून वाटा माफ करून घेतला जातो. सूरह निसाच्या ७व्या आयतीनुसार माता-पित्यांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, स्त्रियांचाही ठरलेला वाटा आहे. माहेर तुटेल या भीतीने दिलेल्या संमतीला मी तरी संमती म्हणणार नाही.

वाटणीच्याही आधी येते ते मृत व्यक्तीचे कर्ज व तिने केलेली वसीयत. आईने कोणाचे उसने घेतले होते, कोणाला काय कबूल केले होते, हे पुष्कळदा मुलांना ठाऊक नसते. मागच्या गल्लीतल्या एखाद्या वृद्ध खालाला ते ठाऊक असते. तिच्याकडे जाऊन विचारावे लागते.